कुकडीच्या दरडीतली परकी राख

पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही नदीतून ओंजळभर वाळू उचलली, तर ती काळ्या दगडाचीच निघते. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा, घोड, कुकडी या सगळ्या सह्याद्रीच्या माथ्याशी उगम पावतात आणि पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या पाणलोटात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांखेरीज दुसरा खडक नाही. त्यामुळे वाळूतही तेच सापडतं: बेसाल्टचे करडे-काळे तुकडे, फेल्डस्पारच्या पांढुरक्या काड्या, लोहचुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटचे कण, आणि खडकाच्या पोकळ्यांतून सुटलेली थोडी गारगोटी, अकीक, झिओलाइट. गंगेच्या किंवा गोदावरीच्या मुखाशी वाळूचं मूळ शोधणं अवघड असतं, कारण तिथे शंभर प्रकारच्या खडकांची सरमिसळ झालेली असते. पुण्याच्या नद्यांचं तसं नाही. वरच्या अंगाला एकाच जातीचा खडक असला, की परका कण लपत नाही. म्हणूनच जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुक गावाजवळ, कुकडीच्या दरडीत, तपकिरी गाळाच्या आणि गोट्यांच्या थरांमध्ये फिकट राखाडी, पिठासारखा एक थर दिसला तेव्हा तो दुर्लक्षून पुढे जाणं शक्य नव्हतं. पुणे विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज इथल्या अभ्यासकांनी १९८६ साली त्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. ती ज्वालामुखीची राख होती आणि ती इथली नव्हती.

हे त्यांना कशावरून कळलं? सर्वांत आधी आकारावरून. या थरातली चिमूटभर माती धुऊन, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर एक-दशांश मिलिमीटरच्या आसपासचे आणि त्याहून लहान, रंगहीन, पारदर्शक तुकडे दिसतात. काही सपाट पापुद्र्यासारखे, काही किंचित वाकलेले, आणि काहींना तीन पंख फुटलेले. हे वाकलेपण आणि हे तीन पंख योगायोगाने आलेले नाहीत. चिकट, सिलिकायुक्त शिलारस वर येताना त्यात विरघळलेली वाफ सुटते आणि फेस होतो. स्फोट होतो तेव्हा हा फेस फुटून थिजतो. बुडबुड्याची भिंत फुटली की वाकडा पापुद्रा मिळतो, आणि तीन बुडबुडे जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे तीन पंखांचा तुकडा. ध्रुवित प्रकाशात, एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक पट्ट्यांमध्ये हे तुकडे काळेच राहतात, काचपट्टी कितीही फिरवली तरी उजळत नाहीत. शेजारी पडलेला बेसाल्टमधला फेल्डस्पार मात्र फिरवताना उजळतो, विझतो, आपले पट्टे दाखवतो. एक स्फटिक आहे, दुसरी काच. नदीत दगडावर दगड घासून असा तीन पंखांचा कण कधीच तयार होत नाही. त्याच्या जन्माची रीत त्याच्या अंगावर लिहिलेली आहे.

कणाच्या आकारावरून त्याचं घराणं ओळखायचं, ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८७७ ते १८८० च्या सुमारास वाळूचे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांच्या झिजेवरून त्यांचा इतिहास लावायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात हाकोन वाडेलने एक महत्त्वाचा भेद केला: कण एकंदर चेंडूसारखा आहे का, ही एक गोष्ट, आणि त्याचे कोपरे झिजले आहेत का, ही वेगळी गोष्ट. पहिली बहुधा मूळ खडकावरून ठरते, दुसरी प्रवासावरून. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि कणाच्या पृष्ठभागावरचे ओरखडे, खड्डे, वाऱ्याने केलेली घासणी हेही वाचलं जाऊ लागलं. या शतकभराच्या कामात एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली, आणि बोरीच्या राखेच्या वयावरून पुढे झालेल्या सगळ्या वादाचं मूळ मला तिथेच दिसतं. आकाराला आपण तीन प्रश्न विचारतो: हा कण जन्मला कसा, इथवर आला कसा, आणि इथे कधी येऊन पडला. पहिल्याचं उत्तर आकार खात्रीने देतो. दुसऱ्याचं फक्त काही जाडीच्या कणांबाबत देतो. तिसऱ्याचं देतच नाही. बोरीला पहिलं उत्तर इतकं लख्ख मिळालं, की त्याच राखेने तिसरंही सांगून टाकावं अशी अपेक्षा तयार झाली.

दुसऱ्या प्रश्नाची मर्यादा समजायला घाट उतरून कोकणच्या किनाऱ्यावर जावं लागतं. पुण्याची वाळू कोकणात जात नाही. ती भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. कोकणच्या पुळणींवरची वाळू सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून उतरणाऱ्या आखूड, तीव्र उताराच्या नद्यांनी आणलेली, किनाऱ्यावरच्या कड्यांतून सुटलेली आणि बरीचशी शंख-शिंपल्यांच्या चुऱ्याची असते. रत्नागिरीच्या आसपास काळी, जड इल्मेनाइटची वाळू लाटांनी निवडून एकीकडे सारलेली दिसते. ते इल्मेनाइट मुळात बेसाल्टमधलं आणि त्यापासून झालेल्या जांभ्यामधलं. सिंधुदुर्गात मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलं की वाळू पांढरी होते, कारण तिथे लाव्ह्याखालचे जुने वालुकाश्म आणि ग्रॅनाइट-नाइस उघडे पडतात आणि क्वार्ट्झ मिळू लागतं. इथे आकार पुष्कळ सांगतो. शिंपल्याचा कण चपटा आणि वाकडा, इल्मेनाइटचा दाणेदार, क्वार्ट्झचा कोपरे मोडलेला. पण क्वार्ट्झचे कोपरे किती मोडलेत यावरून तो किती किलोमीटर आला हे काढू गेलो तर फसगत होते. डच भूवैज्ञानिक फिलिप क्यूनेनने १९५० च्या दशकात फिरत्या टाक्यांमध्ये आणि वाऱ्याच्या बोगद्यांमध्ये प्रयोग करून दाखवलं, की पाण्यात क्वार्ट्झचा कण जवळपास झिजतच नाही. वारा तेच काम शेकडो पट वेगाने करतो. वेंगुर्ल्याच्या पुळणीवर गोल कण दिसला, तर तो आधीच्या एखाद्या वालुकाश्मात कोट्यवधी वर्षांपूर्वीच गोल झालेला असू शकतो. गोलाई वारशाने मिळते. ती या प्रवासाची असेलच असं नाही.

आता बोरीकडे परत येऊ आणि पहिल्या आक्षेपाला सामोरं जाऊ. पुणं स्वतःच ज्वालामुखीच्या खडकावर वसलंय, मग ज्वालामुखीची राख बाहेरून आली असं का मानायचं? ती इथलीच का नसावी? उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं. दख्खनचा लाव्हा बहुतांशी पातळ, ४८ ते ५० टक्के सिलिका असलेला. तो फुटत नाही, वाहतो. बोरीच्या काचेत सिलिका तीनचतुर्थांशाहून जास्त आहे, आणि तीन पंखांचा कण तसाच चिकट रस मागतो. पण मुंबईजवळ, मालाड-मढच्या बाजूला, दख्खनच्या अखेरच्या काळातले सिलिकायुक्त खडक आहेतच, मग? इथे दुसरा टप्पा कामी येतो. काच ही टिकाऊ वस्तू नाही. पाणी शोषत, हळूहळू मातीच्या खनिजांत रूपांतरित होत ती नाहीशी होते. सहा कोटी वर्षांपूर्वीची उघड्यावरची काच आज ताज्या, स्वच्छ, धारदार पापुद्र्यांच्या रूपात मिळणं संभवत नाही, आणि तीही आजच्या नदीच्या गाळात. म्हणजे राख भूशास्त्रीय हिशोबाने तरुण हवी, आणि तरुण काळात महाराष्ट्रात ज्वालामुखी नव्हता. आकार आणि ताजेपणा या दोघांनी मिळून बोट बाहेर दाखवलं. बोट ज्या दिशेला गेलं ते ठिकाण सुमारे ३,२०० किलोमीटरवर, सुमात्रा बेटावर निघालं. तिथे आज टोबा नावाचं शंभर किलोमीटर लांब सरोवर आहे. सुमारे ७४ ते ७५ हजार वर्षांपूर्वीच्या एका उद्रेकात तिथून अंदाजे २,८०० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. त्याची राख शोण नदीच्या खोऱ्यात १९८० च्या दशकातच ओळखली गेली होती.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. टोबाचं नाव आकाराने कुठे दिलं? ते रासायनिक पृथक्करणाने दिलं. तीन पंखांचे कण तर जगभरच्या कितीतरी ज्वालामुखींतून निघतात. हे खरंच आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे: पत्त्यावरचं गाव रसायनशास्त्राने लिहिलं. पण पृथक्करण करायला कुठला थर घ्यायचा, हे ठरवलं ते आकाराने. पुण्याच्या नद्यांच्या काठी पांढुरके थर काही थोडे नाहीत. चुनखडीने माखलेला गाळ, झिओलाइटची भुकटी, कोरडी पडलेली मळई लांबून साधारण सारख्याच दिसतात. त्यांतून हा थर वेगळा काढायला नद्यांच्या गाळाची सवय असलेले डोळे लागले, आणि ती सवय पुण्यात एका दिवसात आली नव्हती. ह. धी. सांकलिया १९३९ साली डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत आले. पुढे फ्रेडरिक झॉयनर यांनी गुजरातच्या नद्यांवर काम करून गाळाच्या थरांवरून अश्मयुगाचा काळ लावण्याची शिस्त दाखवली. त्यांचं पुस्तक १९५० साली डेक्कन कॉलेजनेच काढलं. शरद राजगुरूंनी मुळा-मुठा खोऱ्यातल्या प्लाइस्टोसीन गाळावर पुणे विद्यापीठात १९७० साली प्रबंध सादर केला. येरवड्याच्या टेकडीवर पुरातत्त्व आणि भूशास्त्र एकाच छपराखाली नांदत होतं म्हणून हा थर नजरेत आला. बोरीची कथा सांगताना परदेशी प्रयोगशाळांचे आकडे पुढे येतात आणि हा भाग मागे पडतो, याची मला खंत वाटते.

आकडे मात्र महत्त्वाचे होतेच, कारण या राखेच्या सोबतीला दगडी हत्यारं होती. बेसाल्टच्या जाड हातकुऱ्हाडी, फरशा. अश्युलियन नावाने ओळखली जाणारी पुराश्मयुगाची आरंभीची घडण. राखेचं वय कळलं तर हत्यारांचं कळेल, आणि दख्खनच्या पठारावर माणूस कधीपासून आहे ते कळेल, असा सरळ हिशोब होता. १९८९ साली पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने सुमारे १४ लाख वर्षं हे वय आलं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दुसऱ्या मोजणीत ते ६.७ लाखांवर आलं; शीला मिश्रा, राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातल्या सर्वांत जुन्या अश्युलियनचा पुरावा म्हणून ते मांडलं. त्याच सुमारास, १९९५ आणि १९९८ साली, जॉन वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी काचेच्या रसायनावरून आणि विभाजन-रेषांच्या पद्धतीने निष्कर्ष काढला, की भारतातली अशी सगळी राख एकाच, म्हणजे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. आधी १४ लाखांच्या बाजूने लिहिणारे रवी कोरीसेट्टर १९९५ च्या लेखात वेस्टगेट यांच्या सोबत आहेत. पुरावा बदलला तेव्हा मत बदललं, आणि तेही उघडपणे. या वादातली ही गोष्ट मला मोलाची वाटते. नंतरच्या वर्षांतही दोन्ही बाजूंनी लेख येत राहिले. टोबाचा आणखी जुना, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीचा मोठा उद्रेक झालेला आहे, त्यामुळे जुन्या वयाची शक्यता मुळातच हास्यास्पद नव्हती. आणि इथे आकार गप्प बसतो: दोन्ही उद्रेकांचे पापुद्रे तेवढेच वाकडे, तेवढेच रंगहीन.

जुन्या वयाच्या बाजूने एक युक्तिवाद साहजिक सुचतो, आणि तो आकाराचाच आहे. कुकडी ही काही सौम्य नदी नाही. याच नदीने खाली निघोजला पात्रातल्या कातळात गोटे गरगर फिरवून माणूस उतरू शकेल एवढे रांजणखळगे कोरले आहेत. अशा नदीने राख एकदा उचलून दुसरीकडे टाकली असती, तर पापुद्र्यांच्या सुईसारख्या कडा टिकल्या असत्या का? त्या टिकल्या आहेत, अर्थात राख पडली तिथेच आहे, आणि तिच्या सोबतीची हत्यारंही तिच्याच काळची. ऐकायला पटणारी ही मांडणी मला मान्य नाही. खळगे कोरणारा गोटा तळाला घासत जातो. पण एक-दशांश मिलिमीटरहून लहान, त्यात चपटा आणि हलका कण तळाला टेकतच नाही. तो गढूळ पाण्यात तरंगत जातो, आणि दोन बारीक कण एकमेकांवर आदळण्याआधी त्यांच्यामधलं पाणीच आघात गिळून टाकतं. झीज न होता असा कण पुराबरोबर वाटेल तेवढा लांब जाईल. म्हणून इथली धारदार कड फक्त स्फोटाची साक्ष आहे. पुढच्या प्रवासाबद्दल, तो झाला की नाही झाला, ती काहीच बोलत नाही. उलट्या बाजूनेही हेच लागू आहे: कड शाबूत आहे म्हणून राख हललेली नाही असं म्हणता येत नाही, तसंच वाहून आली असं म्हणायलाही कडेचा उपयोग नाही.

मग वाहून आली की नाही हे कशावरून ठरवायचं? थरावरून. आकाशातून पडलेली टोबाची राख भारतात जिथे मूळ स्वरूपात मिळते तिथे तिची जाडी चार-पाच सेंटिमीटरच्या आसपास भरते. त्याहून कितीतरी जाड थर दरीत सापडला, तर आजूबाजूच्या उतारांवरची राख पावसाने धुऊन खाली साठली असंच म्हणावं लागतं. बोरीला थराची जाडी जागोजागी बदलते, आणि जाडी बदलते तिथे पाण्याचा हात असतो. राखेत बेसाल्टचे कण किती मिसळलेत, खालच्या थराशी तिची सीमा सपाट आहे की पाण्याने खोदलेली, चुनखडीचे खडे तिच्यात आतच वाढले की बाहेरून आले, हे प्रश्न त्या काचेच्या पापुद्र्याहून जास्त निर्णायक आहेत. वयाच्या आकड्यांवरही याचा परिणाम होतो. समजा राख ७५ हजार वर्षांचीच आहे, आणि मोजलेल्या नमुन्यातल्या पोटॅशियमपैकी शंभरात फक्त दोन भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातले आहेत. तेवढ्याने सरासरी वय सुमारे १४ लाख वर्षं येतं. हा हिशोब पोटॅशियमच्या वाट्याचा आहे हे ध्यानात घ्यावं लागतं. बेसाल्टमध्ये पोटॅशियम फार थोडं असल्यामुळे वजनाने भेसळ बरीच जास्त लागेल, आणि ती सूक्ष्मदर्शकातून सहसा सुटणार नाही. म्हणून १९८९ च्या आकड्याचं खापर नुसत्या नदीच्या वाळूवर फोडणं घाईचं होईल. ज्वालामुखीने आपल्याच नळीतून खरवडून आणलेले जुने स्फटिक आणि काचेत अडकलेला आर्गॉन हेही संशयित आहेत. पण एवढं निश्चित, की त्या काळच्या पद्धतीत एका आकड्यासाठी असंख्य कण एकत्र वितळवले जात, आणि त्यांतले थोडे म्हातारे कण सगळ्यांचं वय वाढवू शकत असत.

माझा कौल असा आहे. काचेपुरतं बोलायचं तर रसायनाचा पुरावा ७५ हजार वर्षांच्या बाजूने अधिक भक्कम आहे. हत्यारांपुरतं बोलायचं तर प्रश्न सुटलेलाच नाही, आणि राखेच्या वयाने तो सुटणारही नव्हता. राख पाण्याने साठवलेली असेल आणि हातकुऱ्हाडी गोट्यांच्या थरात असतील, तर दोघी शेजारी आल्या त्या नदीमुळे. हत्यारं राखेहून लाखो वर्षं जुनी असू शकतात. ७५ हजार वर्षांपूर्वी भारतात अश्युलियन घडण सर्रास असणं तसंही अवघड आहे. चेन्नईजवळ अत्तिरमपाक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अश्युलियनचं वय १५ लाख वर्षांपर्यंत मागे नेलं, आणि २०१८ साली तिथेच पुढच्या, मध्य पुराश्मयुगीन घडणीची सुरुवात ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी दाखवली. या पार्श्वभूमीवर बोरीच्या हातकुऱ्हाडी सहा-सात लाख वर्षांच्या असल्या तर त्यात नवल नाही. म्हणजे हत्यारांबद्दलचं जुनं अनुमान बरोबर असू शकतं आणि त्यासाठी दिलेलं कारण चुकीचं. कऱ्हेच्या काठी मोरगावलाही राख आणि हातकुऱ्हाडी अशाच शेजारी सापडल्या आहेत, आणि तिथेही हाच पेच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग नदीच्या गाळाचंच वय थेट काढा, राख बाजूला ठेवा. तो मार्ग आहे. कण शेवटचा उन्हात कधी होता हे प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने मोजता येतं. पण त्यासाठी सर्वांत सोयीचा कण क्वार्ट्झचा, आणि काळ्या दगडाच्या मुलखात नेमका तोच दुर्मीळ. ज्या एकसुरी वाळूमुळे परकी राख ओळखू आली, तीच वाळू वयमोजणीला अपुरी पडते. फेल्डस्पारवर काम करता येतं, पण त्यात साठलेला संकेत काळानुसार गळत जातो आणि त्याची दुरुस्ती करावी लागते. या कामाला दरडी शाबूत हव्यात, आणि पुणे शहराच्या बांधकामाने घोड, भीमा, कुकडीच्या पात्रांतली वाळू कित्येक वर्षं ब्रासच्या मापाने उपसली आहे. अलीकडे खडीच्या मशिनवर दळलेली क्रश सँड बाजारात आली. तिचे कण कोनीय असल्यामुळे गिलाव्याला ती खरखरीत लागते म्हणून गवंडी कुरकुरतात, पण नदीवरचा भार तिने थोडा हलका केला आहे. तरी उपशाने पात्र खोल गेलं की दरड ढासळते, आणि दरडीबरोबर थरांचा क्रम जातो. राखेची पिशवी भरून संग्रहालयात ठेवता येते, पण ती कुठल्या थराच्या वर आणि कुठल्याच्या खाली होती, त्या सीमेवर पाण्याने खोदल्याची खूण होती की नव्हती, हे पिशवीत येत नाही. बोरीला आणि मोरगावला उरलेल्या दरडींचा सेंटिमीटर-सेंटिमीटर नकाशा करून, प्रत्येक हत्याराची जागा राखेच्या संदर्भात नोंदवून, गोट्यांच्या थरातल्या फेल्डस्पारचं वय स्वतंत्रपणे काढणं हे काम आजही करण्याजोगं आहे, आणि डेक्कन कॉलेजपासून बोरी दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.